वाकळ घालायला बसण्याआधी आणि घालून झाल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरातल्या एका माडीवर दर शनिवारी दुपारी आम्ही दहा-बाराजणी वाकळा घेऊन बसतो. येळ्ळूर, वडगाव, खानापूर इथून येतात, एक काकू महिन्यातून एकदा निपाणीहून येतात. नवीन येणारी प्रत्येक जण साधारण तेच प्रश्न विचारते आणि आम्ही सुई तोंडात धरून अर्धवट उत्तरं देतो. म्हणून एकदाच बसून लिहून काढलं.

वाकळ, गोधडी आणि कौदी, हे एकच का?

कामापुरतं एकच. जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक घालून, सगळ्या अंगभर धावदोरा मारून केलेलं पांघरूण. पुण्याकडे गोधडी म्हणतात, कोल्हापूर-बेळगावकडे वाकळ, आणि कानडी बोलणाऱ्या आक्का कौदी म्हणतात. बाळाची ती दुपटी. रजई मात्र वेगळी. तिच्या पोटात पिंजलेला कापूस असतो. ते काम पूर्वी दारोदार धनुकली घेऊन फिरणाऱ्या पिंजाऱ्यांचं, म्हणजे आपल्याकडच्या नदाफांचं. वाकळेत कापूस नसतो, असतं ते नेसून मऊ झालेलं लुगडं.

कोणतं कापड आणू?

नेसून नेसून विरलेलं, पण न फाटलेलं सुती. परीक्षा सोपी आहे. कापड दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून हलका झटका द्या. 'चर्र' आवाज आला तर ते वाकळेत घालू नका, भांडी पुसायला ठेवा. आवाज आला नाही तर अजून दहा वर्षं ते ऊब देईल.

सगळ्यांत उत्तम जुनी नऊवारी, धोतर, पंचा, मांजरपाटाची चादर. इरकली आणायला हरकत नाही, पण तिचा पदर रेशमी असतो. अंगाचं सूत टिकतं आणि पदराचं रेशीम आधी उसवतं, असं बऱ्याचदा होतं. पदर कापून वेगळा ठेवा, गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, किंवा कोपऱ्याच्या फुलाला वापरा. खणाच्या चोळीचे तुकडे असतील तर फेकू नका. गुळेदगुड्डच्या खणाचा एक हातभर तुकडा मध्यावर लावला तर सगळी वाकळ उजळते.

पॉलिस्टर, नायलॉन, जॉर्जेट आणू नका. घाम टिपत नाही, सुईखाली सरकतं, आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतं. आतल्या थरात लपवून घातलं तरी चालत नाही, कारण सुती थर पहिल्या धुण्यात आटतो आणि पॉलिस्टर तसंच राहतं. मग वाकळेला पोटात दुखल्यासारख्या वळ्या पडतात.

किती साड्या लागतील?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून हिशेब मांडते.

एका माणसाची वाकळ साधारण साडेपाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब धरा. सहावारी साडी २१६ इंच लांब, पन्हा साधारण ४५ इंच. तिचे मधोमध दोन तुकडे केले की १०८ बाय ४५ चे दोन पट्टे मिळतात. एका थराला रुंदीत दीड पट्टा लागतो, कारण ४५ आणि साडेबावीस मिळून साडेसदुसष्ट होतात, आणि शिवणीत इंच-दीड इंच गेला की ६६ उरतात, म्हणजे बरोबर साडेपाच फूट. म्हणून तीन सहावारी साड्यांत सहा पट्टे आणि सहा पट्ट्यांत चार थर. लांबीत १८ इंच उरतात, त्यातून गोट आणि ठिगळं निघतात.

नऊवारीचे तसेच तीन पट्टे होतात, त्यामुळे दोन नऊवाऱ्यांत तेच चार थर. आमच्या आज्जीच्या तोंडी "दोन लुगड्यांची वाकळ" हे मापच होतं. हा हिशेब तिला कुणी शिकवला नव्हता.

चार थर पावसाळ्याला पुरतात. थंडीला सहा लागतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबरात पहाटे बोटं आखडतात, हे गोव्याच्या पाहुण्यांना सांगावं लागतं. आठ थर घालू नका. वाकळ उबदार होते हे खरं, पण ओली झाली की दोघांना उचलत नाही, आणि सुई आरपार जात नाही म्हणून टाके नुसते वरच्या थरावर राहतात.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे आधी पाय मोजा आणि मग अंथरूण कापा. घरात सहा फुटी मुलगा असेल तर साडेसात फूट कमी पडतं.

नवीन कापड चालत नाही का?

चालतं. आधी दोनदा धुऊन आटवून घ्या आणि इस्त्री करा. एका दुकानातून मी मांजरपाट घेतला होता, "आटणार नाही" असं त्या मालकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. पहिल्या धुण्यात वाकळेचा एक कोपरा वर उचलला गेला तो आजतागायत तसाच आहे.

रंग गेला तर?

लाल, मरून, गर्द निळा, जांभळा या रंगांवर भरवसा नको. शिवायच्या आधी पांढरी ओली चिंधी त्यावर दाबून घासून बघा. चिंधी रंगली तर ते कापड दोन-तीनदा धुवा, तरी रंगत असेल तर बाजूला ठेवा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळ्याजणी सांगतात. कापड रंगवताना मिठाचा उपयोग होतो, पण बाहेर पडायला निघालेला रंग मीठ धरून ठेवत नाही. मी केलंय, गुलाबी उशा मिळाल्या.

सामान काय आणायचं?

एक लांब जाड सुई. दुकानात वाकळेची सुई मागा. दाभण नको, दाभणाने कापडाला भोकं पडतात. जाड सुती दोरा, कात्री, टाचण्या, मेणबत्तीचा तुकडा आणि मधल्या बोटाला घालायला अंगुस्तान. पहिल्या दिवशी कोणीच अंगुस्तान घालत नाही, दुसऱ्या शनिवारी सगळ्याजणी घालून येतात.

दोरा किती? मघाच्या मापाची वाकळ १६८ सेंटिमीटर रुंद होते. दोन ओळींत एका बोटाचं, म्हणजे साधारण दीड सेंटिमीटरचं अंतर ठेवलं तर ११२ ओळी बसतात. प्रत्येक ओळ सव्वादोन मीटरहून थोडी जास्त. म्हणजे झाले अडीचशे मीटर. दोरा कापडात वर-खाली जाताना खर्ची पडतो आणि टोकाला गाठींतही जातो, तेव्हा तीनशे मीटर धरा. एकदम घ्या. पुन्हा गेलात तर त्याच पांढऱ्या रंगाचा दुसरा पांढरा मिळतो.

एका वेळी दोन हातांहून लांब दोरा ओवू नका. आळशीपणाने लांब ओवला की गुंता होतो आणि गुंता सोडवण्यात ओवण्याच्या दुप्पट वेळ जातो. ओवलेला दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या.

थर अंथरायचे कसे? माझे सारखे सरकतात.

सगळ्या वाकळेचं नशीब इथे ठरतं, म्हणून सावकाश सांगते.

पूर्वी शेणाने सारवलेल्या सोप्यावर थर अंथरत, जमीन जरा खरबरीत असे आणि कापड धरून ठेवे. आता सगळीकडे फरशी. फरशीवर सुती थर घोटीव बर्फावर ठेवल्यासारखे सरकतात. म्हणून माझ्या पहिल्या वाकळेच्या वेळी मी हुशारी केली आणि खाली सतरंजी घातली. दोन दुपार कच्चे टाके घातले, अभिमानाने वाकळ उचलायला गेले तर सतरंजीही बरोबर उठली. निम्मे टाके सतरंजीतून गेले होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त उसवायला ब्लेड आणून दिलं.

तर असं करा. खालचा थर, म्हणजे पाठीचं अस्तर, उलटी बाजू वर करून फरशीवर अंथरा. चारी कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवा, आमच्याकडे दोन पितळी तांबे, एक वरवंटा आणि इस्त्री असते. आता दोघी समोरासमोर बसा आणि कापड ओढा, पण ताणू नका. ओढणं म्हणजे सुरकुती जाईपर्यंत, ताणणं म्हणजे सूत वाकडं होईपर्यंत. मग तळहाताने मधून कडेकडे हवा काढत या, भाकरी थापताना पीठ सरकवतो तसं. एक थर पूर्ण सपाट झाल्याशिवाय दुसरा घालू नका. आतल्या थरांच्या शिवणी एकावर एक येऊ देऊ नका, एकीची शिवण डावीकडे, दुसरीची उजवीकडे, नाहीतर त्या जागी काठी शिवल्यासारखी लागते.

सगळे थर झाले की वीत-वीत अंतरावर कच्चे टाके. टाका घालताना खाली एक जाड गुळगुळीत पुठ्ठा सरकवत न्या. सुईचं टोक पुठ्ठ्यावर टेकतं, घसरतं आणि वर येतं. खाली सतरंजी असली तरी ती वाचते.

हे दोघींचंच काम आहे. एकटीने केलेली वाकळ मी लांबून ओळखते, एका बाजूला झुकलेली असते. म्हणून शनिवारी शिवायला नाही आलात तरी चालेल, अंथरायला या.

शिवायला मधून सुरू करू की कडेनं?

दोन्ही रीती बरोबर आहेत, फक्त त्यांची सरमिसळ करू नका.

आमची रीत अशी: कच्चे टाके पक्के असतील तर एका लांब कडेने सुरू करून ओळीमागून ओळ समांतर घालत जायचं. थर सैल वाटत असतील तर मधली ओळ आधी घाला आणि मग दोन्हीकडे जा, म्हणजे फुगवटा कडेला निघून जातो.

सिद्दी बायकांची रीत वेगळी आहे आणि मला ती जास्त देखणी वाटते. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे वंशज. त्यांची वस्ती हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात आणि आपल्या खानापूर तालुक्यातही आहे. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. त्या एका कोपऱ्यातून सुरू करतात, कडेकडेने ठिगळं लावत आणि त्याच वेळी सगळ्या थरांतून टाके घालत चारी बाजू फिरतात, आणि फेरे घेत घेत मध्यावर येतात. आधी वरचा पट जोडून मग शिवणं हा प्रकारच नाही, ठिगळ आणि शिवण एकाच सुईत. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची छोटी फुलं लावतात, फुलांशिवाय कवंदी उघडी दिसते असं मानतात. २००४ साली हेन्री ड्रूअल या अमेरिकन कला-अभ्यासकाच्या पुढाकाराने या बायकांची सहकारी संस्थाही निघाली आणि त्यांची कवंदी परदेशातल्या लोकांनी पाहिली. आपल्याकडे मात्र शेजारच्या तालुक्यातली ही कला पाहायला कितीजणी गेल्यात, ते हात वर करून सांगा.

फुलं तुम्हीही लावू शकता. पण लावलीत तर ती कुठून घेतली ते सांगत जा.

नक्षी आधी काढून ठेवायची का?

कागदावर चौकोन-त्रिकोण आखून येणाऱ्या मुली असतात. आखा, बिघडत नाही. पण लुगड्याचा काठ तुमच्या आखणीचं ऐकत नाही, तो जिथे शोभतो तिथेच शोभतो. ठिगळं फरशीवर मांडा, एक रात्र तशीच राहू द्या, सकाळी दारातून आत येताना पहिली नजर जिथे अडखळते ते ठिगळ बदला. माझी सगळी कला एवढीच आहे.

कशिदा करायचा असेल तर धारवाडकडच्या कसूतीतली गवंती शिका. कसूतीत चार प्रकारचे टाके: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गवंतीत एक सोडून एक टाका घालत जायचं आणि त्याच वाटेने परत येताना मोकळ्या जागा भरायच्या. गाठ मारायची नाही, आणि दोन्ही बाजूंनी ओळ सारखीच दिसते. वाकळेला दोन्ही तोंडं असतात, म्हणून हा टाका तिला लागू पडतो. पण पूर्ण थरांतून कसूती करायला जाऊ नका. गोटाच्या पट्टीवर आधी करून घ्या आणि मग पट्टी लावा.

मशीनवर मारली तर?

ठिगळं जोडायला आणि गोट लावायला मशीन जरूर वापरा. अंगभर टिपा मशीनने मारल्या तर वाकळ ताठ होते, पुठ्ठ्यासारखी. हाताच्या टाक्यात दोरा जरा सैल बसतो, त्या सैलपणामुळे ती अंगाला लपेटते. मनगट दुखत असेल तर मशीनवर मारा आणि कुणाची माफी मागू नका.

किती दिवस लागतात?

मला एका ओळीला पाव तास ते वीस मिनिटं लागतात. ११२ ओळी म्हणजे २८ ते ३७ तास. रोज तास काढलात तर महिना-सव्वा महिना. रोज तास कुणाला मिळतो ते मला सांगा, मी त्या घरात राहायला येते.

एक अर्धी पडली आहे. नवीन सुरू करू का?

खरं उत्तर हवं का? एक ना धड, भाराभर चिंध्या ही म्हण आमच्याच धंद्यातून निघाली असावी असं मला नेहमी वाटतं.

नवीन वाकळेची सुरुवात गोड असते. बोचकं सोडायचं, रंग लावून बघायचे, शेजारणीला बोलवायचं. तिसाव्या ओळीनंतर गोडी जाते आणि उरते फक्त ओळ. तिथेच अर्ध्या वाकळा पडतात. माझ्या कपाटात एके काळी पाच होत्या. त्यातल्या एकीचे आतले थर उंदरांनी नेले.

आता आमच्या माडीवर एक रीत आहे. ज्यांची अर्धी पडलेली असेल त्यांनी नवीन कापड आणायचं, दाखवायचं, सगळ्यांचं मत घ्यायचं, पण कात्री लावायची नाही. आधी जुनी आणायची. आम्ही चौघी चारी बाजूंनी बसतो आणि एका दुपारी वीस-पंचवीस ओळी घालून देतो. टाके चौघींचे चार तऱ्हेचे होतात. वडगावच्या काकूंचा टाका तांदळाएवढा, माझा जोंधळ्याएवढा, आणि एक ताई आहेत त्यांचा हरभऱ्याएवढा. ज्यांना हे खपत नाही त्यांनी आपली आपण पुरी करावी. पण ज्यांनी खपवून घेतलं त्यांच्या वाकळा पुऱ्या झाल्या.

एक सूट आहे: मोठी चालू असताना बाळाची दुपटी सुरू करायला मुभा. बाळं वाट बघत नाहीत.

बाळाच्या दुपट्यासाठी वेगळं काय?

तीन फूट बाय तीन फूट, दोन किंवा तीन थर, सगळ्यांत जुनं कापड. गाठी आतल्या थरात लपवा. टिकल्या, मणी, घुंगरू, गोंडे नकोत, बाळ तोंडात घालतं. ठेवताना डांबरगोळ्या अजिबात नकोत, त्यांचा वास काही तान्ह्या बाळांना खरोखर बाधतो, वेखंडाची पुरचुंडी ठेवा. आणि दुपटं बाळाला गुंडाळायला, मांडीवर अंथरायला आहे. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर जाईल असं जाड पांघरूण घालू नका, मग ते कितीही प्रेमाने शिवलेलं असो.

गेलेल्या माणसाच्या कपड्यांची वाकळ करावी का?

काही घरांत चालत नाही, काही घरांत मुद्दाम करतात. तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. मी आईच्या दोन लुगड्यांची केली. पहिल्या वर्षी कापता आली नाहीत, दुसऱ्या वर्षी धाकट्या बहिणीने कात्री धरली. घाई करू नका एवढंच सांगते.

पावसाळ्यात शिवायला घ्यावी का?

शिवायला घ्या, धुवायला काढू नका. खानापूरकडे पाऊस लागला की आठ-आठ दिवस उजेड नसतो, ओली वाकळ आतून कुबट होते आणि तो वास जात नाही. धुण्याचे दिवस दोनच: उन्हाळ्यात आणि घट बसण्याआधी पावसाने उघडीप दिली तर. पूर्वी मलप्रभेच्या आणि मार्कंडेयच्या काठावर दसऱ्याआधी वाकळांची रांग लागायची, दोघी दोन टोकं धरून पीळ घालायच्या. घरी धुताना पीळ घालू नका, कठड्यावर टाकून निथळू द्या. खळ करू नका, खळीच्या वासाला झुरळं येतात.

झालेली वाकळ दाखवायची कशी?

आता ज्यासाठी आम्ही जमतो त्या विषयाकडे येते.

झालेली वाकळ पिशवीतून काढून "कशी झालीय?" असं विचारलं की सगळ्याजणी "छान" म्हणतात आणि चहा येतो. त्यातून शिवणारीला काही मिळत नाही. म्हणून आमच्याकडे वाकळ दाखवायची एक पद्धत पडली आहे.

आधी ती उलटी अंथरायची, पाठीची बाजू वर. पुढची बाजू कापडाची कमाल दाखवते, पाठ हाताची. टाके खालपर्यंत पोचलेत का, ओळ कुठे लडखडली, दोरा कुठे संपला आणि नवीन कुठे लागला, हे सगळं पाठीवर लिहिलेलं असतं. मग वाकळ सुलटी करायची आणि शिवणारीने सांगायचं: हे कापड कुणाचं, हे ठिगळ कुठून आलं, इथे काय चुकलं. चूक स्वतः सांगितली की बाकीच्यांना ती काढावी लागत नाही. मग प्रत्येकीने तिच्यावर हात फिरवायचा, डोळे मिटून. जिथे थर गोळा झालेत तिथे हात थांबतोच. शेवटी दोघींनी टोकं धरून झटकायची. झटकल्यावर सरळ पडली तर वाकळ बरोबर.

मागच्या संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला एका कानडी आक्कांनी आपली पहिली कौदी आणली. पाठीवर एक सबंध ओळ हिरव्या दोऱ्याची, बाकी सगळी पांढरी. आम्ही विचारलं, तर म्हणाल्या, त्या रात्री पांढरा दोरा संपला, नातवाला ताप होता, झोप येईना, म्हणून मिळेल त्या दोऱ्याने शिवत बसले. निपाणीच्या काकूंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "छलो आगैत्री." म्हणजे छान झालीय. त्यांना एवढंच कानडी येतं.

कुणी चूक काढली तर वाईट वाटतं. दाखवलीच पाहिजे का?

नाही. पण दाखवायची असेल तर अंगावर घेतलेली, एकदा धुतलेली आणा. धुतल्यावर जी टिकली तिच्याबद्दल कुणी फार बोलत नाही.

बघणाऱ्यांसाठीही एक नियम आहे. "मी असती तर निळं लावलं असतं" हे वाक्य बंद. झालेल्या वाकळेत निळं लावता येत नाही. विचारायचं असेल तर पुढच्या वाकळेला उपयोगी पडेल असं विचारा: दोरा कुठला, ओळ सरळ कशी ठेवली, कोपरा कसा मुडपला.

माझी मांडणी दुसरीने उचलली.

उचलू दे. तिच्याकडे तुमच्या आज्जीचं लुगडं नाही. विकायला मात्र जशीच्या तशी उचलली तर समोरासमोर बोला, आमच्या माडीवर नको, तिच्या घरी जाऊन.

प्रदर्शनाला देऊ का?

द्या, पण लिहून घ्या: कुठे टांगणार, किती दिवस, परत कोण देणार. एका ठिकाणी माझी वाकळ पश्चिमेच्या काचेसमोर पंधरा दिवस टांगली होती. परत आली तेव्हा अर्धी जांभळी, अर्धी राखाडी. आयोजकांनी शाल आणि नारळ दिला. टांगायची असेल तर मागे वरच्या कडेला कापडाची नळी शिवून त्यातून काठी घाला. खिळे आणि चिमटे कापड फाडतात.

विकावी का? किती घ्यावेत?

तास मोजा, मग बोला. गिऱ्हाईक म्हणतं, "जुन्या कपड्यांचीच तर आहे." त्याला तीस तासांच्या रोजंदारीचा आकडा सांगा, दोरा वेगळा धरा. तरी घासाघीस झाली तर वाकळ घडी घालून पिशवीत ठेवा. आहेराला दिलेली वाकळ निराळी, तिथे मोजायचं नसतं.

मला कानडी येत नाही. किंवा: मला मराठी येत नाही.

१ नोव्हेंबर २०१४ पासून गावाचं नाव कागदावर बेळगावी आहे, तोंडात ज्याच्या त्याच्या सवयीने येतं, आणि माडीवर त्यावर चर्चा करायला बंदी आहे. कामाला लागणारे शब्द चार: सुई-सूजी, दोरा-दारा, कापड-बट्टे, आणि चहा-चहा.

पुरुष आले तर चालतील?

एक मामा येतात. निवृत्त शिंपी आहेत, गोट त्यांच्याइतका सरळ कुणाला लावता येत नाही. गप्पा मात्र आम्ही जरा जपून मारतो.

शेवटच्या टाक्याआधी तुम्ही आत काहीतरी घालता असं ऐकलं.

वाकळेचं पोट भरतो. आमची आज्जी शेवटचा कोपरा शिवायच्या आधी भाकरीचा वाळका तुकडा आत सरकवायची, पांघरणारा उपाशी झोपू नये म्हणून. पण भाकरीला मुंग्या येतात, आणि उंदरांची गोष्ट वर सांगितलीच. म्हणून आम्ही जोंधळ्याचे चारच दाणे घालतो, तेही उन्हात कडक वाळवून. कापडाच्या बोटभर पुरचुंडीत बांधायचे, उजव्या पायाकडच्या कोपऱ्यात सरकवायचे, आणि त्यावरून तीन टाके जवळजवळ घालायचे. धुतल्यावर दाणे सुटून फिरायला लागले तर घाबरू नका, पायाच्या अंगठ्याला लागतात, एवढंच.